बाल्कनीतलं सुतारकाम : ताण उतरवायचा असेल तर कालथ्यापासून सुरुवात करा

पटाशी

ताण घालवायला सुतारकाम करा असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. तो ऐकून लोक पहिल्याच आठवड्यात ड्रिल, जिगसॉ आणि सर्क्युलर सॉ मागवतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि संध्याकाळी डोकं शांत करू पाहणाऱ्या माणसाने मशीनच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. राउटर किंवा सर्क्युलर सॉ कानाशी ९५ ते १०० डेसिबल आवाज करतात. कानात प्लग, डोळ्यांवर गॉगल, तोंडावर मास्क, आणि चूक झाली तर ती अर्ध्या सेकंदात होते. मशीन बंद होईपर्यंत खांदे आखडलेलेच राहतात. त्यात ताण उतरणार कुठून?

हातहत्याराचं उलट आहे. पातं लाकडात नीट चाललंय की अडकतंय हे आवाजावरून कळतं, चूक हळूहळू होते आणि मध्येच थांबता येतं. लक्ष त्या एका रेघेवर ठेवावंच लागतं, त्यामुळे बाकीचे विचार आपोआप मागे पडतात. पण हे सगळं हत्याराला धार असेल तरच. बोथट पटाशी (लाकूड तासायची सपाट पात्याची छिन्नी) मशीनपेक्षा जास्त चिडचिड करवते आणि हातही कापते, कारण तिला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती सटकते.

पहिली वस्तू म्हणून कालथा (कुणी उलथणं म्हणेल) घ्या. खोलगट भाग नसल्यामुळे वाकडा चाकू लागत नाही, सांधा नाही, आणि तरी कापणं, तासणं, पातळ करणं आणि गोलाई देणं ही चारही कामं त्यात येतात. शिवाय तो रोज वापरला जातो.

हत्यारं एवढीच: ओढून कापणारी जपानी करवत (२४० मिमी पातं, दोन्ही बाजूंना दाते), २५ मिमीची एक पटाशी, लोखंडी छोटा रंधा, न मिटणारा सरळ चाकू (८० मिमीच्या आसपास पातं), गुण्या (काटकोन तपासायची पट्टी), चार इंची दोन सी क्लॅम्प, आणि १२०, १८०, २४०, ३२० नंबरचे पॉलिश पेपर. जपानी करवत सुचवण्याचं कारण असं की ती ओढताना कापते, पातं ताणलेलं राहतं, म्हणून ते पातळ ठेवता येतं. आपली ढकलायची करवत नवख्याच्या हातात वाकते आणि उड्या मारते.

सुतारी बाक लागत नाही, एक टेकणफळी पुरते. १८ मिमी प्लायचा ३० × २५ सेंमी तुकडा घ्या. २० × ४० मिमीची एक पट्टी खालून पुढच्या कडेला, म्हणजे ती टेबलाच्या कडेत अडकते. दुसरी वरून मागच्या कडेला, म्हणजे लाकूड तिला टेकवून दाबता येतं. वरची पट्टी उजव्या टोकाला १५ मिमी आखूड ठेवा, करवत खाली उतरली की प्लायवर थांबेल आणि टेबल वाचेल. डावखुऱ्यांनी हे डावीकडे करावं. प्रत्येक पट्टीला सरस किंवा फेव्हिकॉल आणि ३० मिमीचे तीन स्क्रू. टेबल आणि फळीच्या मध्ये जुन्या योगा मॅटचा तुकडा टाकला की आवाजही दबतो आणि फळी सरकत नाही. काचेचं टॉप असलेलं टेबल यासाठी चालणार नाही.

आता कालथा. तुकडा ३२० × ६५ मिमी, जाडी १४ मिमी.

आधी कडेकडून बघा. लाकडाच्या रेघा तुकड्याच्या लांबीला समांतर हव्यात. त्या तिरक्या जाऊन कडेला बाहेर पडत असतील तर तो तुकडा बाजूला ठेवा. कालथा मोडतो तो कायम मानेशी, म्हणजे दांडा पात्याला मिळतो तिथे मोडतो आणि कारण हेच असतं: तिथे रुंदी कमी होते, त्यात रेघा तिरक्या असल्या की दांडा धरून ठेवणारे तंतू अगदीच आखूड उरतात.

एक बाजू रंध्याने सपाट करा, मग दुसरी, जाडी १० मिमीवर आणा. त्यावर आकृती काढा: दांडा २२० मिमी लांब आणि २४ मिमी रुंद, पुढचं पातं १०० मिमी लांब आणि ६० मिमी रुंद, पुढची कड साधारण २० अंश तिरकी. तिरकी कड कढईच्या गोलाईला लागते. उजव्या आणि डाव्या हाताला ती उलटी होते, तेव्हा घरात स्वयंपाक कोण करतं ते आधी विचारा.

दांड्याच्या दोन्ही बाजूंचं नको असलेलं लाकूड एकदम कापायला जाऊ नका. दर २० मिमीवर कडेतून आत आडवे काप घ्या, रेघेच्या २ मिमी अलीकडे थांबा, मग पटाशीने एकेक ठोकळा उडवा. आडव्या कापांमुळे फाट पुढे पळत नाही. उरलेले २ मिमी चाकूने.

पातं फक्त वरच्या बाजूने पातळ करा, खालची बाजू सपाटच राहू द्या. मानेशी १० मिमी, टोकाला अडीच. २ मिमीच्या खाली गेलात तर महिन्याभरात कड झिरमिळते. दांड्याच्या चारही कडा आधी ४५ अंशांत तासा आणि मगच गोल करा. सरळ गोल करायला गेलं की दांडा कुठे जाड कुठे बारीक होतो.

एका बैठकीत हे संपवायचं नाही. पहिल्या संध्याकाळी सपाट करणं आणि आखणी, दुसऱ्या संध्याकाळी कापणं, तिसऱ्या संध्याकाळी पातळ करणं आणि गोलाई, चौथ्या संध्याकाळी घासणं आणि तेल. चाळीस मिनिटं झाली की हत्यार खाली.

लाकूड, धार आणि तेल यांवर जाणकारांनी भर घालावी.

मुक्ता_न

धागा वाचनखुणेत टाकला. चार प्रश्न आहेत. वन बीएचके आहे आणि मोकळा वेळ रात्री साडेनऊनंतरच मिळतो, शेजाऱ्यांना त्रास न देता काय काय करता येईल? लाकूड नेमकं कुठलं आणि कुठून घ्यायचं? घरात लहान मूल असताना भुशाचं काय करावं? आणि दिवसभर कीबोर्डवर असलेल्या मनगटाला हे झेपतं का?

जुनी_वखार

लाकडाचं मी सांगतो. वखारीत गेलात की "कालथ्यासाठी लाकूड द्या" म्हणू नका, तुकडा माल दाखवा म्हणा. दारं-चौकटी कापून उरलेले फूट-दीड फुटाचे तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात. जाडी सुतात सांगा: एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, पाच सूत म्हणजे साधारण १६ मिमी. पाच सुताचा तुकडा मागितलात तर रंधा मारून १० मिमीवर आरामात येतो. त्यांच्याकडे प्लॅनर (रंधा मारायचं मशीन) असेल तर दोन्ही बाजू मारून घ्या. नवख्याची पहिली संध्याकाळ आणि बराचसा आवाज वाचतो.

शिवण (या झाडाचं लाकूड) मिळाली तर दुसरं काही बघू नका. हलकी, फिकट पिवळी, चाकूखाली लोण्यासारखी कापली जाते आणि वाळल्यावर फारशी वाकत नाही. साग सगळीकडे मिळतो, पाण्याला टिकतो, पण त्यात सिलिका असते. पातं लवकर बोथट होतं, दर दहा-पंधरा मिनिटांनी धार जागवावी लागते. आंबा स्वस्त आणि ठीकठाक, मात्र रेघा उलटसुलट असतात, रंधा मारताना मध्येच उपटतो. तसं झालं की तुकडा फिरवून उलट दिशेने मारा, तरीही उपटलं तर तिथे रंधा सोडा आणि पटाशीचं पातं उभं धरून खरवडा. फणस छान, रंग सुंदर. बाभूळ आणि शिसव पहिल्या वस्तूला नको, हात दुखतील.

काय घ्यायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. एमडीएफ आणि प्लाय स्वयंपाकाच्या वस्तूला अजिबात नाही, त्यात फॉर्माल्डिहाइडचे गोंद असतात. कण्हेरीचं लाकूड विषारी. बिब्ब्याच्या झाडाचा चीक कातडीवर फोड आणतो. पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन घेणार असाल तर त्यावरचा शिक्का वाचा: "एचटी" म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, "एमबी" म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. एमबी असेल किंवा शिक्काच नसेल तर घरात आणू नका. एचटीसुद्धा पेटीत काय सांडलं होतं ते कळत नसल्याने स्टुलाला वापरा, ताटाला नको. पाडलेल्या वाड्यांचा जुना साग फार देखणा निघतो, पण जुन्या रंगात शिसं असू शकतं. रंग लागलेला भाग घासायचा नाही. आणि आत मोडलेले खिळे असतात, रंध्याचं पातं एका झटक्यात खुडतं. लोहचुंबक फिरवून घ्या.

निसणा

पटाशी यांनी धारेचा मुद्दा काढला तो या धाग्याचा गाभा आहे. धार लावणं हे सुतारकामाच्या आधीचं कंटाळवाणं काम आहे असं समजलात तर ताण वाढेल. धार लावणं हेच अर्धं सुतारकाम आहे. आवाज जवळजवळ शून्य, भुसा शून्य, पाण्याचा ओला आवाज आणि एकाच कोनात हात. मुक्ताताई, रात्री दहानंतर करण्यासारखं याहून चांगलं काम नाही.

महागडे दगड सुरुवातीला नकोत. काचवाल्याकडून १० किंवा १२ मिमी जाडीच्या काचेचा ३० × १० सेंमी तुकडा आणा, कडा घासून घ्या म्हणावं. त्यावर वॉटर पेपर पाण्याने चिकटवा: २२०, ४००, ८००, १५००. कागदाखाली हवेचा फुगा राहिला तर पातं तिथे कागद फाडतं, म्हणून हाताच्या कडेने पाणी बाहेर सारा.

नवी पटाशी धारदार नसते, कंपनी कुठलीही असो. आधी पाठ. पात्याची सपाट बाजू टोकापासून साधारण २५ मिमीपर्यंत काचेवर पूर्ण टेकवून ४०० पासून १५०० पर्यंत घासा, सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत. हे पटाशीच्या आयुष्यात एकदाच करायचं. पाठ सपाट नसेल तर पुढच्या बाजूला कितीही मेहनत घेतलीत तरी धार येत नाही, कारण धार म्हणजे दोन बाजू जिथे भेटतात ती रेघ, आणि त्यातली एक बाजू पाठ आहे.

मग उतार, म्हणजे पात्याची पुढची तिरकी बाजू. मूळ उतार २५ अंश, आणि अगदी टोकाला ३० अंशांचा बारीक उतार. कोन डोळ्याने राखणं नवख्याला जमत नाही, चाकाचा साधा होनिंग गाइड (पातं एकाच कोनात धरून ठेवणारा साचा) घ्या. दोन्ही बाजूंनी पातं पकडणारा नेहमीचा गाइड असेल तर पटाशी ४० मिमी बाहेर काढली की २५ अंश, ३० मिमी काढली की ३० अंश. रंध्याच्या पात्याला हेच आकडे ५० आणि ३८ मिमी, कारण ते गाइडमध्ये वरच्या बाजूला बसतं. फळीच्या एका तुकड्यावर या अंतरांना छोटे ठोकळे चिकटवून ठेवा, दर वेळी पट्टी लावायला नको.

४०० वर घासत राहा, पाठीमागे बोटाने आडवं चाचपून बघा. पूर्ण रुंदीभर बारीक खरखरीत कड लागली पाहिजे. तिला बर म्हणतात. बर आली नाही म्हणजे तुम्ही टोकापर्यंत पोचलाच नाहीत, पुढच्या कागदावर जायचं नाही. बहुतेकांची धार इथेच फसते. बर आली की ८००, १५००, मग पाठ १५०० वर दोन-तीनदा सपाट ओढून बर काढा. शेवटी लाकडाच्या पट्टीवर चिकटवलेल्या चामड्यावर हिरवी पॉलिशची पेस्ट लावून दहा-बारा वेळा, फक्त मागे ओढत. पुढे ढकललंत तर चामडं कापलं जातं. ओढ संपताना मनगट वर उचललंत तर कड गोल होते. पातं उचलायच्या आधी हात थांबवा.

परीक्षा दाढीच्या केसांवर करू नका. पाइन किंवा शेवग्यासारख्या मऊ लाकडाच्या टोकाचा, म्हणजे तंतू आडवे तुटतात त्या बाजूचा, पातळ काप घ्या. मागे राहिलेला भाग चकचकीत असेल तर धार बरोबर. पांढरट, चुरडलेला दिसला तर परत ८००.

चाकूचं थोडं वेगळं. “मोरा” या स्वीडिश चाकूसारख्या चाकूला एकच रुंद सपाट उतार असतो, तो पूर्ण कागदावर टेकवायचा आणि वेगळा बारीक उतार काढायचा नाही. तो रुंद उतारच लाकडावर टेकून पात्याला वाट दाखवतो. उतार गोल झाला की चाकू लाकडात शिरतो तरी किंवा वरून घसरतो तरी.

पटाशी

निसणा, उत्तम. मुक्ता यांच्या आवाजाच्या प्रश्नाला जोडून सांगतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. साडेनऊ ते दहा करवत आणि रंधा, मॅटवर. दहानंतर चाकू, हाताने पॉलिश पेपर, धार, आखणी, तेल. हातोडी किंवा मोगरीने पटाशी ठोकणं शनिवार-रविवारच्या दुपारी ठेवा, स्लॅबमधून ते खालच्या घरात थेट पोचतं.

भुशाबद्दल गंभीरपणे सांगतो. लाकडाची बारीक धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्ये माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातली आहे, नाकाच्या कर्करोगाच्या संदर्भात. तो धोका वर्षानुवर्षं कारखान्यात धूळ खाणाऱ्यांचा आहे, पण म्हणून घरात दुर्लक्ष करायचं कारण नाही. रंधा आणि चाकूतून निघतात त्या सुरळ्या आणि ढलप्या, त्या हवेत तरंगत नाहीत. धूळ होते ती पॉलिश पेपरने. म्हणून जितकं काम धारेने कराल तितकं घासणं कमी. घासताना एन ९५ मास्क लावा, आणि काम ओल्या फडक्यावर करा. झाडूने उडवू नका, ओल्या कपड्याने पुसा. मूल असलेल्या घरात घासण्याचं काम बाल्कनीत, दार बंद करून. साग आणि शिसवाच्या धुळीने काहींच्या त्वचेला खाज येते, असं झालं तर लाकूडच बदला.

मनगट

मुक्ता, मनगटाच्या प्रश्नाला व्यवसायोपचाराच्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) बाजूने उत्तर देते.

कीबोर्डवर बोटं हलतात आणि मनगट एकाच जागी राहतं. चाकूकामात बोटं घट्ट आवळली जातात. दोन्हींचा भार एकाच स्नायूंवर येतो, म्हणून पहिले दोन आठवडे चाकू वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. दर दहा मिनिटांनी पकड बदला. तीन पकडी शिकून घ्या: एक, चाकू धरलेला हात स्थिर आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पात्याच्या पाठीला ढकलायचं, यात काप जेमतेम दोन सेंटिमीटरचा होतो आणि पातं सुटत नाही. दोन, कोपर बरगडीला टेकवून लाकूड आपल्याकडे ओढायचं. तीन, दोन्ही मुठी छातीशी आणून खांदे मागे उघडायचे, यात जोर पाठीचा लागतो, मनगटाचा नाही. चाकूच्या मुठीची जाडी ३० मिमीच्या आसपास असावी. बारीक मूठ जास्त आवळावी लागते.

मांडीवर लाकूड ठेवून, पाय फाकवून दोन मांड्यांच्या मध्ये चाकू चालवणं पूर्ण बंद. मांडीच्या आतल्या बाजूला मोठी धमनी आहे, तिथला काप जिवावर बेततो. कोपर गुडघ्याच्या पुढे ठेवा किंवा बाजूला वळून कापा. हात पूर्ण लांब करून चाकू फिरवला तर जेवढं वर्तुळ होतं, त्याच्या आत मूल, मांजर, कुणीही नको.

अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला रात्री मुंग्या येऊ लागल्या तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. व्यायामाने जाईल असं समजून रेटू नका.

ताणाबद्दल. हाताने काही घडवल्याने खरंच फरक पडतो का याचा एक छोटा पण नीट मोजलेला अभ्यास आहे. २०१६ मध्ये फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, कोलाज आणि मार्कर देऊन हवं ते करू दिलं, आणि लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणाशी जोडलेलं संप्रेरक) आधी-नंतर मोजलं. साधारण पाऊण लोकांचं उतरलं, आणि आधीचा अनुभव असण्या-नसण्याने फरक पडला नाही. त्यात लाकूड नव्हतं आणि तुलनेला दुसरा गटही नव्हता, तेव्हा त्याचा अर्थ ताणू नये. पण "मला कला येत नाही" म्हणून थांबलेल्यांनी तो ध्यानात घ्यावा.

पातं हातात घ्यायचं नाही अशा वेळा: झोप येत असताना, गुंगीची औषधं चालू असताना, दारू घेतल्यावर, आणि भांडण होऊन हात थरथरत असताना. त्या दिवशी तेल लावा, पॉलिश पेपर घासा, हत्यारं पुसा. आणि झोप उडणं, भूक जाणं, कशातच रस नसणं हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं असेल तर ते छंदाने भागणारं नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो.

कोकणकडा

ओल्या लाकडाचा कुणी उल्लेख केला नाही म्हणून लिहितो. वखारीतलं वाळलेलं लाकूड चाकूला कठीणच. नुकत्याच छाटलेल्या फांदीचं ओलं लाकूड निम्म्या जोरात कापलं जातं, आणि धूळ तर अजिबात होत नाही. मे-जूनमध्ये पावसाळ्यापूर्वी पालिका फांद्या छाटते, तेव्हा विचारून घ्या. स्वतः झाडाला हात लावू नका, शहरी भागात १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगी लागते. आंबा, जांभूळ, सुबाभूळ चालतं. गुलमोहर ठिसूळ, सोडून द्या. आंब्याच्या सालीतला चीक काहींना खाज आणि पुरळ आणतो (आंबा बिब्ब्याच्याच कुळातला), साल काढताना हातमोजे घाला.

डाव किंवा पळी करायची असेल तर फांदी १० सेंमी व्यासाची आणि ३० सेंमी लांब घ्या. मधोमध फाडा आणि गाभ्याचा बारीक ठिपका पूर्ण काढून टाका. गाभा राहिला की पळी वाळताना तिथूनच तडकते. कारण लाकूड वर्तुळाच्या दिशेने जेवढं आक्रसतं ते गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या जवळपास दुप्पट असतं, गाभ्याभोवती हा फरक सामावायला जागाच नसते. वाटीचा खोलवा वाकड्या चाकूने, १२ मिमीपेक्षा खोल नको, भिंत सगळीकडे ४ मिमी. जाडी सारखी ठेवणं आकारापेक्षा महत्त्वाचं, जाड भाग मागाहून वाळतो आणि पातळ भागाला फाडतो.

ओली पळी घडवून झाली की तिच्याच ढलप्यांसकट कागदी पिशवीत गुंडाळून सावलीत ठेवा, दहा ते पंधरा दिवस. कोकणात जुलैमध्ये महिना लागतो आणि बुरशी धरते, तेव्हा पिशवी दोन दिवसांनी उघडून ढलप्या बदला. काम मध्येच थांबलं तर पळी प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये, ओलावा टिकतो. वाळल्यावर धार जागवून वरचा पातळ थर पुन्हा एकदा कापा. त्या शेवटच्या कापांनी जो गुळगुळीतपणा येतो तो पॉलिश पेपरने येत नाही.

आंब्याला भुंगेरा लागतो. बारीक भोकं आणि खाली मैद्यासारखी पूड दिसली म्हणजे आत अळी आहे. बोरॅक्सचं पाणी फर्निचरला ठीक, तोंडात जाणाऱ्या वस्तूला नाही. तिथे ओबडधोबड कापलेला तुकडा तासभर पाण्यात उकळा. अळी मरते.

आणि गंज. समुद्राजवळ पावसाळ्यात पटाशी एका रात्रीत लाल होते. काम झालं की घामाचा हात पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओलावा धरतं.

उत्तरवारा

स्वीडनमधून. इथे शाळेत स्लॉइड, म्हणजे लाकूड, धातू आणि कापडाचं हातकाम, आजही सक्तीचा विषय आहे. याची सुरुवात शेजारी फिनलंडमध्ये, १८६६ साली उनो सिग्नेयस यांच्या आग्रहाने तिथल्या लोकशाळांत. पुढे ओटो सालोमोन यांनी गोथेनबर्गजवळच्या नेस इथे शिक्षकांसाठी त्याची पद्धत बसवली, आणि ती जगभर गेली. त्या पद्धतीतल्या दोन गोष्टी इथे थेट उपयोगी आहेत. पहिलं हत्यार चाकू, आणि सुरुवातीच्या वस्तू त्याच्याच कामाच्या. दुसरं, प्रत्येक वस्तू घरात वापरायची, आणि क्रम असा की पुढच्या वस्तूत फक्त एक-दोन कामं नवीन येतात. माझ्या मते ताणासाठी हेच महत्त्वाचं: नवीन फारसं नाही म्हणून धास्ती नाही, थोडं नवीन आहे म्हणून कंटाळा नाही. त्या हिशेबाने आपल्याकडचा क्रम असा बसेल: कालथा, मग लोणी काढायची चपटी सुरी, मग पळी, मग लाटणं (रंध्याने चौकोनाचा अष्टकोन, अष्टकोनाचा सोळा कोन, मग गोल), मग पाट.

मुक्ता_न

फार उपयोगी. सगळं उतरवून घेतलं. तेल कुठलं लावायचं ते राहिलं. घरात खोबरेल आणि शेंगदाण्याचं आहे, ते चालेल का?

जुनी_वखार

शेंगदाण्याचं नको, ते लाकडात राहून खवट होतं आणि कालथ्याला वास धरतो. खोबरेल त्या मानाने टिकतं, पण ते वाळत नाही, थंडीत पांढरं थिजतं. सोपा मार्ग म्हणजे औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं ते. त्याचे चार भाग आणि मधमाशांच्या मेणाचा एक भाग वजनाने घ्या. मेण पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा, थेट गॅसवर नाही. ढवळून थंड करा, मलम होतं. लावा, रात्रभर ठेवा, सकाळी पुसून काढा, तीनदा. पुढे महिन्याने एकदा.

तेलाच्या आधी एक पायरी बरेच जण गाळतात. २४० नंबर झाल्यावर कालथा पाण्याने ओला करून पूर्ण वाळू द्या, दबलेले तंतू उभे राहतात, ते ३२० ने हलकेच काढा. हे केलं नाही तर पहिल्याच धुण्यात कालथा खरखरीत होतो आणि दोष तेलाला जातो.

निसणा

पॅराफिन सोपं, पण ते आत वाळत नसल्यामुळे धुऊन निघतं. टिकाऊ हवं तर जवसाचं कच्चं तेल, अगदी पातळ हात, आणि दोन-तीन आठवडे उजेडात वाळवायचं. हार्डवेअरच्या दुकानातलं "बॉइल्ड" जवस तेल स्वयंपाकाच्या वस्तूला नको, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घालतात.

जवसाच्या तेलाची चिंधी चुरगळून कचऱ्यात टाकायची नाही. हे तेल हवेशी संयोग पावताना उष्णता सोडतं, चुरगळलेल्या कापडात ती अडकते आणि चिंधी आपोआप पेटते. बाल्कनीत दोरीवर एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात. पॅराफिनला हा धोका नाही.

कोकणकडा

उत्तरवारा यांनी पाट शेवटी ठेवला ते योग्य. त्यावर एक सांगून ठेवतो, कारण पाट मधोमध तडकण्याची तक्रार फार दिसते. पाटाच्या फळीची रुंदी पावसात वाढते आणि उन्हाळ्यात कमी होते. ३५ सेंमी रुंद सागाची फळी असेल तर कोकणात वर्षभरात ३ मिमीच्या आसपास फरक सहज पडतो. खालच्या दोन आडव्या पट्ट्यांची लांबी मात्र जवळजवळ बदलत नाही. पट्टी फेव्हिकॉलने पूर्ण चिकटवली की फळीला आक्रसायला वाव उरत नाही, आणि एप्रिलमध्ये ती फाटते.

म्हणून पट्टीला सरस लावायचा नाही. प्रत्येक पट्टीत तीन स्क्रू. मधल्याचं भोक स्क्रूइतकंच, तो घट्ट. बाहेरच्या दोघांना फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट भोक, ५ × १० मिमी, वॉशर घालून, पीळ बसला की अर्धा फेरा सैल. पाट पावसाळ्यात करत असाल तर फळी फुगलेली असते, बाहेरचे स्क्रू लांबट भोकाच्या बाहेरच्या टोकाकडे बसवा, उन्हाळ्यात ते आत सरकतील. उन्हाळ्यात करत असाल तर उलटं.